चौकटीच्या डावीकडे

स्टुडिओत शिरताच सुहासिनी कर्णिकांनी भैरू चौगुलेंना ओळखलं. तीस वर्षांत केस पार पांढरे झाले होते, पण खांदे कबड्डीपटूचेच. वाहिनीच्या 'शंभर अविस्मरणीय क्षण' कार्यक्रमात पहिला नंबर या दोघांचा होता. कबड्डीच्या फायनलला लाकडी गॅलरी कोसळली आणि भैरू एका चिमुरडीला उराशी धरून धुळीतून चालत आला. ते दृश्य कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि वार्ताहर सुहासिनीचं नाव घरोघरी झालं.

"बाई, आमचा धाकटा नामा त्याच गॅलरीखाली गेला," भैरू म्हणाले. "जागच्या जागी गेला म्हणतात. तेवढ्यावरच आई तगली. अन् मीबी."

सुहासिनीबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"बसा, तालीम सुरू करूया," इंजिनिअर मुक्ता म्हणाली. तिच्यासमोर 'चौकटपार' होतं. जुन्या चित्रणातला घामावरून, पत्र्यावरून परतलेला उजेड आणि आवाजाचे पडसाद चाळून हे यंत्र कॅमेऱ्यानं न पाहिलेली जागाही उभी करायचं. "आणि मॅडम, मी तुम्ही पाठवलेली मूळ कॅसेटच लावलीय हं!"

सुहासिनीबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. त्या काळी कॅमेरामन टेप थोडी आधीच फिरवायचे, चित्र स्थिर व्हावं म्हणून. प्रक्षेपणात तो तुकडा कापला जाई. हा तुकडा तर त्यांनी स्वतः शेजारी बसून कापून घेतला होता! आणि कौतुकाच्या भरात आख्खी कॅसेट पाठवून दिली. अक्कल गहाण टाकली होती की काय?

"मुक्ता, थांब जरा..."

पण पडद्यावर धूळ उडाली, आणि त्यांचाच तरुण आवाज घुमला. "दादा, कॅमेरा सुरू नव्हता हो! पोरीला घेऊन परत तिथनं चालत या. कॅमेऱ्याकडेच बघा, इकडंतिकडं बघू नका."

तरुण भैरू गोंधळला, पण मुकाट्यानं मागं फिरला. तेवढ्यात यंत्रानं चौकटीच्या डावीकडची जागा उजळली. तीन पावलांवर, फळ्यांच्या फटीतून एक हात बाहेर आला होता. हलत होता. मनगटावर लाल दोरा.

"दादा! भैरूदादा!"

गलक्यात तेव्हा कुणालाच ऐकू न गेलेली हाक यंत्रानं वेगळी काढली होती. पडद्यावरचा भैरू कॅमेऱ्याकडे बघत, पोरीला सांभाळत चालत राहिला. तो पुढे आला आणि उरलेली गॅलरी त्या हातावर कोसळली.

"अगं आई गं!" मुक्तानं चित्र थांबवलं.

"नामा," भैरू पुटपुटले. "आईनं बांधलेला दोरा हाय. जिवंत होता, बाई. मला हाका मारत होता."

"मला दिसला नाही हो, शपथ!" सुहासिनीबाईंना रडू आवरेना. "पण परत पाठवलं ते मीच. आणि तीस वर्षं लपवलं. लाज वाटते हो मला."

भैरू ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं. "पोरी, मी तवा डावीकडं वळलो असतो, तर निघाला असता का त्यो? सांगतं का तुझं मशीन?"

मुक्तानं यंत्रावरचे आकडे तपासले. "सांगतं. फळ्यांचं वजन, अंतर, वेळ, सगळं आलंय त्यात. मिनिटभर लागेल."

भैरूंनी पुन्हा त्या हाताकडे पाहिलं. मग ते सुहासिनीबाईंकडे वळले.

"तवा तुम्ही म्हणालात तसं केलं. आताबी तुम्हीच सांगा, बाई. विचारू, का नको?"