बरणीच्या गळ्यातला दोरा

छबुबाईनं बरणी उचलली आणि तिचा हात तसाच थांबला.

बरणीच्या गळ्यात हिरवा दोरा होता.

"मावशी, चला की. म्याडम वाट बघायल्यात," रुबीना दारातून म्हणाली.

"ही कुणाची म्हणलीस?"

"सत्यभामाची. चिठ्ठी वाचूनच काढून दिली तुमाला. शिरूर कासार, वय चौतीस."

"सत्यभामा कोणत्या वारी आली?"

"सोमवारी."

"मग हिच्या गळ्यात बुधवार कावून हाय?"

रुबीनानं दोऱ्याकडं पाहिलं. तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली.

बीडच्या त्या लॅबमध्ये माणसाच्या अंगातून काढलेलं सगळं यायचं. गाठ, आतड्याचा तुकडा, बाईची गर्भाची पिशवी. पांढऱ्या प्लास्टिकच्या बरणीत, औषधात बुडवून. औषध म्हणजे फॉर्मॅलिन. त्यानं मेलेलं मांस टिकतं आणि जित्या माणसाच्या डोळ्यांना धार लागते. मग डॉक्टर ईश्वरीबाईंनी ते कापायचं, रुबीनानं त्यातले तुकडे मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती काचेवर घेऊन रंगवायची, आणि बाईंनी मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं, रोग आहे का नाही.

छबुबाईला तिथं बावीस वर्षं झाली होती. शाळा दुसरीत सुटली. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत, त्या तिला वाचता येत नव्हत्या, आणि येत नाहीत हे ती कुणाला सांगायलाही जात नव्हती. मोठ्या बरणीतलं औषध दुसऱ्या दिवशी बदलावं लागतं आणि महिन्यानं बरणी टाकून द्यावी लागते. मग कोणती कधीची, हे कळावं कसं? तिनं आपली तोड काढली. बरणी आली की गळ्यात दोरा. सोमवार लाल, मंगळवार पिवळा, बुधवार हिरवा. आठवडा बदलला की फळी बदलायची. रुबीनाला ते ठाऊक होतं. गावोगावच्या दवाखान्यांतून बरण्या आणणारा सोमनाथ तर बरणी पुढं करतानाच विचारायचा, "मावशे, आज रंग कोणता?"

डॉक्टरीणबाईंनी कधी विचारलं नाही. त्यांचे मोठे भाऊ विश्वेश्वर लॅबचा कारभार बघायचे, ते एकदा दारातून डोकावून हसले होते. "छबुबाई, पिशव्यांना बी गंडे बांधता का? दृष्ट लागती व्हय?"

छबुबाई दोरा बांधत राहिली. ज्याला विचारायचं नसतं त्याला सांगायला तिची जीभ रिकामी नव्हती.

आता मात्र तिनं दार लोटून घेतलं.

बाहेर बाकड्यावर सत्यभामा बसली होती. ऊसतोडीला जाणारी बाई. दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर जाणार, महिन्याच्या महिन्याला खाडा नको, म्हणून मुकादमानं तिला शिरूरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं भीती घातली, पिशवी काढली. शुद्धीवर आल्यावर तिला जुनी सोनोग्राफी आठवली. त्यात काहीच नव्हतं. तिनं मंगळवारी तक्रार दिली. सगळी टोळी म्हणाली, गप बस. ती बसली नाही.

आणि काल रिपोर्ट आला. पिशवीत कॅन्सर.

म्हणजे डॉक्टर देव ठरला आणि ही खोटारडी. चार वाजता पोलीस ठाण्याचा जमादार येऊन बरणी सील करून नेणार होता. एकदा लाख लागली की सत्यभामाचं तोंड कायमचं बंद.

"लाल दोऱ्याची हुडक," छबुबाई म्हणाली.

या आठवड्याच्या फळीवर लाल दोऱ्याच्या तीन बरण्या होत्या. दोन लहान, गाठींच्या. तिसरी मोठी. रबराखाली खोचलेली तिची चिठ्ठी निळी फराटली होती. छबुबाई रोज सकाळी बरण्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. बाकीच्या चिठ्ठ्यांचं एक अक्षर हललेलं नव्हतं.

"वाच."

रुबीनानं चिठ्ठी उजेडात धरली. "मावशी... हाफिजा. वय अठ्ठावन्न."

छबुबाई खाली स्टुलावर बसली.

हाफिजा म्हणजे स्टँडवरच्या फळवाल्या युसूफची आई. तिची बरणी बुधवारी दुपारी आली होती. काल रिपोर्ट मिळाल्यावर युसूफ नाचत आला, सीताफळांची टोपली ठेवून गेला. "मौसी, अम्मीचं समदं साफ निघालं! खावा, घरी बी न्या." छबुबाईनं त्यातलं एक इथंच, या स्टुलावर बसून खाल्लं होतं.

गोड होतं. आता त्याची चव जिभेवर कडू झाली.

*

"छबुबाई, दोऱ्यावरून मी रिपोर्ट बदलू?" ईश्वरीबाईंनी चष्मा काढला. "तुमची बांधण्यात चूक झाली असेल."

"बावीस वर्सात झाली का?"

"नाही. पण..."

"म्याडम, मला एक सांगा. बेस्तरवारी तुमी ही सत्यभामाची म्हणून कापली. काय म्हणलता तवा?"

बाईंना तो दिवस आठवला. बुधवारपर्यंत त्या लातूरला होत्या. गुरुवारी सकाळी दहाला साचलेल्या सगळ्या बरण्या एकदम कापायला घेतल्या. छबुबाई शेजारी बादली धरून उभी होती; बरण्या मागच्या टेबलावर रुबीना उघडून देत होती, म्हणून दोरा तिच्या नजरेला पडला नव्हता. पिशवी हातात घेऊन बाईंच्या कपाळाला आठी पडली होती.

"मी म्हणाले, चौतीसच्या मानानं लहान आहे. सुकलेली."

"आन पुढं?"

बाईंना ते उच्चारणं जड गेलं. "म्हणाले, ऊस तोडणाऱ्या बायकांचं असंच असतं. वयाआधी सुकतात."

"मला तवाच राग आलता. माझं माहेर शिरूरचं हाय, म्याडम. आमच्या बाया उन्हानं करपतात, पर पिशवी काय कातड्यावानी बाहेर वाळत घातलेली असती का?"

ईश्वरीबाई तशाच उठल्या. दोन्ही नावांच्या काचपट्ट्या काढल्या. एक लावली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली. 

"ही चौतीसची नाहीच," त्या हळू म्हणाल्या. "पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईची आहे. आणि हाफिजाच्या नावावर जी आहे ती तरण्या बाईची. धडधाकट. काही म्हणजे काही झालेलं नव्हतं तिला." त्यांनी डोळे मिटले. "दिसत होतं. मी बघितलंच नाही."

"बघितलंत. वर चिठ्ठी वाचली आन डोळ्याला गप केलंत."

असं बाईंना कुणी बोलत नसे. त्यांनी चष्मा परत डोळ्यांना लावला.

"कुणी केलं हे, छबुबाई?"

"हाफिजाची बरणी बुधवारी दोनला आली. तुमी बेस्तरवारी दहाला कापली. तेवढ्या वेळात त्या खोलीत कोण जाऊ शकतं? मी. रुबीना. सोमनाथ. आन विश्वेश्वरभाऊ."

"दादा त्या खोलीत पाय ठेवत नाही. वासानं त्याचं डोकं दुखतं."

"मग बोलवायला काय हरकत हाय? समद्यांना बोलवा."

*

तिघं आले. रुबीना रडून आली होती. सोमनाथ हेल्मेट काखेत मारून उभा राहिला, कानावर पेन्सिलीचा तुकडा. विश्वेश्वर खुर्ची ओढून बसले. पांढरा सदरा, खिशाला पेन, कपाळाला भस्माचे पट्टे.

"सत्यभामाची बरणी बदलली गेली," ईश्वरीबाई म्हणाल्या. "छबुबाई काय विचारतात त्याला उत्तरं द्या."

"आता झाडणारी बाई चौकशी करणार?" विश्वेश्वर हसले.

"झाडणारीलाच कचरा दिसतो, भाऊ." छबुबाई सोमनाथकडं वळली. "बुधवारी बरणी आणून दिलीस, मग कुठं गेलतास?"

"तलवाड्याला. तिथल्या दवाखान्यातून दोन बरण्या घेतल्या आन तिकडूनच घरी. तुमीच बेस्तरवारी सकाळी दोरे बांधले की."

"रुबीना, तू?"

"पाचपर्यंत चकत्या कापल्या. अब्बू न्यायला आले, त्यांच्यासंगं गेले."

"किल्ली?"

"विश्वेश्वरभाऊंच्या टेबलावर ठेवली. रोजच्यावानी."

"भाऊ, तुमी?"

"मी साडेसहाला कुलूप लावलं. आत कशाला जाऊ? माझं काम रजिस्टरात."

छबुबाईनं तिघांपुढं कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. "एक काम करा. बरणीला लावायची चिठ्ठी लिवा. सत्यभामा, शिरूर कासार. बस."

"अक्षर तपासता व्हय?" विश्वेश्वर म्हणाले. "वाचता तरी येतं का?"

"न्हाई येत. लिवा तुमी."

रुबीनानं एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली. सोमनाथनं कानावरची घेतली. विश्वेश्वरांनी खिशातलं पेन काढलं आणि झोकात लिहिलं.

छबुबाईनं स्पिरिटचा बोळा तिन्ही चिठ्ठ्यांवरून फिरवला. दोन जशाच्या तशा राहिल्या. तिसरी निळी फराटली.

"हितं येणारं पोरगं पहिल्या दिवशी हेच शिकतं," ती म्हणाली. "बरणीवर, काचेवर, पेननं लिवायचं न्हाई. औषधानं, स्पिरिटनं धुऊन जातं. सोमनाथ गाडी चालवतो, पर त्याला बी ठाऊक हाय. ठाऊक न्हाई ते फकस्त रजिस्टरवाल्याला."

मग तिनं पदराखालून दुसरी चिठ्ठी काढली आणि वर तळहात ठेवला. नाव झाकलेलं, कड तेवढी दिसत होती. निळी.

"ही चिठ्ठी त्या फळीवर सापडली. पेनची हाय."

"असंल. म्हणून ती मी लिहिली?" विश्वेश्वरांचा आवाज चढला. "हाफिजाची चिठ्ठी मी कशाला लिहीन?"

सोमनाथनं रुबीनाकडं पाहिलं.

छबुबाईनं तळहात सावकाश उचलला.

"तुमी आल्यापासून हाफिजाचं नाव कुणी घेतलं न्हाई, भाऊ. म्याडमनी सत्यभामा म्हणलं. मी बी सत्यभामाच म्हणलं. तुमाला हाफिजा कशी दिसली?"

विश्वेश्वरांनी बहिणीकडं पाहिलं. ती बघत नव्हती.

"मी सांगते," छबुबाई म्हणाली. "सोमवारी तुमी पेढे वाटले. लेकीचा, स्वप्नाचा साखरपुडा झाला. कुठं? शिरूरच्या डॉक्टरच्या घरी. त्याच दवाखान्याच्या. मंगळवारी सत्यभामानं तक्रार केली. पिशवी चांगली निघाली तर व्याही तुरुंगात, सोयरीक मोडली. बुधवारी हाफिजाचा फॉर्म तुमच्या टेबलावर आला, त्यात लिवलेलं, कॅन्सरचा संशय. रुबीनानं वाचून दावला मला. तुमाला आजारी पिशवी पायजे होती, देवानं दारात आणून दिली असं वाटलं आसंल. समदे गेल्यावर आत शिरलात. रबराखालच्या चिठ्ठ्या उपसल्या, अदलाबदल केली. हाफिजाची भिजलेली आसंल, ती फाटली. मग नवी लिवली. पेननं."

"आणि दोरे?" ईश्वरीबाईंनी विचारलं. "दोरे का नाही बदलले?"

"भाऊंना ते गंडे वाटले. दृष्टीचे." छबुबाई पहिल्यांदा किंचित हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "रुबीनानं केलं असतं, सोमनाथनं केलं असतं, तर आधी दोरा बदलला असता. त्यांना वार ठाऊक हाय. बांधलेल्या गंड्याला हात कोण लावत न्हाई? ज्याला भ्या वाटतं तो. दुसऱ्याच्या आईचं मरण चोरताना भ्या वाटलं न्हाई, दोऱ्याचं वाटलं."

"ईश्वरी," विश्वेश्वरांचा आवाज एकदम खाली आला. "स्वप्नाचा विचार कर. पत्रिका छापायला दिल्यात. म्हातारी अठ्ठावन्नची आहे, मी महिन्याभरानं काहीतरी करून तिला तपासायला..."

"महिन्याभरानं," ईश्वरीबाई म्हणाल्या. "दादा, महिन्यात ते कुठवर पोचतं, माहितीय तुला?"

त्यांनी फोन उचलला. जमादाराला चारऐवजी आत्ताच यायला सांगितलं. एक नाही, दोन बरण्या न्यायच्या आहेत, आणि एक माणूस. हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. फोन ठेवून त्यांनी हाफिजाचा कागद पुढं ओढला.

छबुबाई बाहेर आली. सत्यभामा उठून उभी राहिली, ओटीपोटावर हात धरून. टाके अजून ओले होते.

"काय झालं, आत्या?"

"तू खरी हायस," छबुबाई म्हणाली. "तुला काई झालेलं नव्हतं."

सत्यभामा हसेल असं तिला वाटलं होतं. ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. चांगली होती. चांगली होती आणि काढून नेली. छबुबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

मग ती परत आत गेली. ईश्वरीबाई हाफिजाचा खरा रिपोर्ट लिहीत होत्या. "मी युसूफला फोन करते," त्या म्हणाल्या.

"फोनवर न्हाई, म्याडम. अशी गोष्ट तोंडावर सांगायची असती. कागद द्या. आन कोणत्या डॉक्टरकडं, कवा जायचं, ते बी लिवून द्या. मराठीत."

तिनं कोपऱ्यातली टोपली उचलली. सीताफळांचा वास औषधाच्या वासातूनही येत होता. रुबीना म्हणाली, "मावशी, टोपली कावून नेता?"

"ही पेढ्याच्या जागी दिलती त्यानं. खोट्या रिपोर्टची हाय. ठेवून घेता येत न्हाई."

स्टँडसमोर युसूफ गाड्यावर फळं रचत होता. शेजारी स्टुलावर कालच दवाखान्यातून सुटलेली हाफिजा बसली होती, ऊन खात. छबुबाईला लांबूनच बघून तिनं हात हलवला. "आवो छबुबी! कैसे थे सीताफळ?"

छबुबाईनं टोपली तिच्या पायाशी ठेवली. एक कमी होतं.

"हाफिजाबी," ती म्हणाली, "जरा सरक. मला बसू दे."