वगळलेलं प्रकरण

दर शनिवारी सकाळी नऊ वाजता झुलेमा आल्तामिरानो कोरिएन्तेस शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर पुस्तकांविषयी बोलायची. तीस वर्षं शाळेत साहित्य शिकवून निवृत्त झालेली, एकसष्ट वर्षांची, एकटी राहणारी बाई. मतं ठाम, आवाज खर्जातला. भयकथा म्हणजे तिचा जीव की प्राण. भुताचा खुलासा करत बसणाऱ्या लेखकाची ती रेडिओवरच हजेरी घ्यायची. "ज्याला घराचं दार कुठल्या दिशेला उघडतं ते सांगता येत नाही, त्यानं त्या दारातून भूत आणू नये," हे तिचं आवडतं वाक्य.

आत्मचरित्रांवर मात्र तिचा राग होता. त्या शनिवारी ती म्हणाली, "भयकथा लिहिणारा सगळं खोटं सांगतो, पण भीती खरी सांगतो. आत्मचरित्र लिहिणारा सगळं खरं सांगतो आणि जिथे त्याची बोबडी वळली नेमकं तेवढंच गाळतो. त्यापेक्षा मी टेलिफोनची यादी वाचेन."

मंगळवारी तिचा थोरला भाऊ एवारिस्तो जाडजूड फाईल घेऊन दारात उभा राहिला.

"घे. तुझी टेलिफोनची यादी आणलीय."

एवारिस्तोचा उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला होता. माणूस इतका काटेकोर, की लग्नाची गोष्टसुद्धा त्या दिवशीच्या तापमानासकट सांगायचा. अंगणात आंब्याखाली दोघं तेरेरेचा, थंडगार पाण्यात भिजवलेल्या कडवट पाल्याच्या पेयाचा, पेला आलटून पालटून नळीनं ओढत बसली. त्यांच्या गावातला, बेया व्हिस्तातला, एक छापखानेवाला त्याच्या आठवणी छापायला तयार होता. प्रस्तावना मात्र बहिणीची हवी होती.

"रेडिओवरची बाई प्रस्तावना लिहिते म्हटल्यावर पुस्तक खपेल, असं त्याला वाटतं," एवारिस्तो म्हणाला. "मी म्हटलं, बाबा रे, ती आधी माझी सालटी काढेल."

"काढणारच. तुझ्यात लिहिण्यासारखं काय आहे, कुंपणं?"

तो हसला नाही. "शनिवारी तुझं बोलणं ऐकलं. एक प्रकरण मी गाळलं होतं. ते परत घातलंय. सातवं." त्यानं फाईल तिच्याकडे सरकवली. "पुढच्या महिन्यात डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. मी गेल्यावर ते तुझ्या हाती पडण्यापेक्षा आताच वाच."

पहिली सहा प्रकरणं तिनं बुधवारी सकाळी पेन्सिल हातात धरून वाचली. बेया व्हिस्तातलं त्यांचं बालपणीचं घर त्यात अगदी मापासकट होतं. नदीच्या उंच कड्यापासून बावीस मीटरवर असलेलं, पत्र्याचं छत, मागे सात संत्र्यांची झाडं, स्वयंपाकघराचं दार पश्चिमेला, पाराना नदीकडे उघडणारं. लिखाण कोरडं होतं, पण प्रामाणिक. मग सातवं प्रकरण आलं. अडीच पानांचं.

"मी अकरा वर्षांचा होतो, झुलेमा सहा," एवारिस्तोनं लिहिलं होतं. "ऐन उन्हाळ्यातला जानेवारी महिना होता. दुपारी सिएस्ताच्या वेळी आईवडील झोपले, की मागच्या झाडांत एक बाई येऊन उभी राहायची. मी तिला चार वेळा पाहिलं. ती आमच्याकडे बघायची नाही, घराकडे बघायची, विकत घ्यायचं असल्यासारखी. पाचव्या दुपारी झुलेमा म्हणाली, कडी काढ, माझा हात पोचत नाही. मी काढली. ती त्या बाईचा हात धरून कड्याच्या वाटेनं खाली उतरली. मला भीती वाटली. मी परत जाऊन झोपलो.

"संध्याकाळी सहाला मुलगी वर आली. कपडे कोरडे, पाय स्वच्छ. आईनं धपाटा घातला आणि मिठीही मारली. मला एवढंच नोंदवायचं आहे की वर आलेली मुलगी माझी बहीण नव्हती. ते मला त्याच क्षणी कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. गेली पंचावन्न वर्षं मी तिच्यावर बहिणीसारखीच माया केली आणि ती खरी आहे."

झुलेमानं पेन्सिल खाली ठेवली. तिच्यातल्या वाचकाला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की प्रकरण चांगलं उतरलं होतं. एकही विशेषण जास्तीचं नव्हतं, कशाचाही खुलासा नव्हता. मग तिनं फाईल मिटून काखेत मारली.

ती तडक त्याच्या घरी गेली.

"सिएस्तात बाहेर पडणाऱ्या पोरांना कोणीतरी उचलून नेतं, हे इथली प्रत्येक आई सांगते," ती दारातूनच म्हणाली. "तेच उचलून तू माझ्या अंगावर घातलंस? भयकथा म्हणून छाप, मी स्वतः रेडिओवर वाचून दाखवते. आठवणी म्हणून नको."

"घडलं तेवढंच लिहिलंय, झुले."

"कशावरून? वाचक विचारेल ना!"

"तुला त्या जानेवारीच्या आधीचं काय आठवतं?"

"बरंच काही! आईचा पिवळा झगा. तीन पायांचा कुत्रा. बाबांनी छतावर बसवलेला पत्र्याचा कोंबडा, वादळात उडून गेलेला..."

एवारिस्तो ऐकत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "ते सगळं मी तुला सांगितलंय. त्या आठवड्यात, पांघरुणाखाली, रोज रात्री. आई काही विचारेल आणि तुला सांगता येणार नाही, म्हणून."

ती खुर्चीत बसली. पिवळ्या झग्याचा वास, कापड हाताला कसं लागायचं ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. नुसते शब्द आठवले. आणि ते मुलाच्या आवाजात आठवले.

"तू हे का केलंस?"

"कडी मी काढली होती," तो म्हणाला. "आणि तू वर आलीस तेव्हा तुझा चेहरा इतका घाबरलेला होता. माझ्यापेक्षाही जास्त."

शुक्रवारी तिनं बेया व्हिस्ताची बस धरली. शेजारच्या दोन्या ब्रिहिदा, म्हणजे ब्रिहिदाबाई, अजून हयात होत्या. वय ब्याण्णव, दृष्टी अधू, कान शाबूत. दुपारचा एक वाजून गेला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, खिडक्या मिटलेल्या, तापलेल्या पत्र्यांचा मधूनच टक् टक् आवाज. म्हातारी ओसरीत वेताच्या खुर्चीत घडीच्या पंख्यानं वारा घेत बसली होती.

"कोण आहे?"

"मी झुलेमा. शेजारच्या आल्तामिरानोंची. ओळखलंत का?"

म्हातारीचा पंखा थांबला. "ओळखलं. बसा."

बसा. गावातल्या साठीच्या पोरींना अजून अगं-तुगं करणारी बाई. झुलेमा बसली नाही.

"मी सहा वर्षांची असताना एका दुपारी कड्यावरून खाली गेले होते म्हणे. तुम्हाला काही आठवतं?"

"मी धुणं वाळत घालत होते. मुलगी उतरताना पाहिली मी."

"आणि वर येताना?"

दोन्या ब्रिहिदांनी पंख्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तुमच्या आईनं तुमच्यामुळे सुखाचे दिवस पाहिले," त्या म्हणाल्या. "दुखण्यात तुम्हीच उशाशी होतात. मी गावात सगळ्यांना तेच सांगत आले. चांगल्या निघालात तुम्ही."

"चांगली निघाले म्हणजे काय?"

"उन्हाचं खाली जाऊ नका," म्हातारी म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

जुन्या घराला नवे मालक होते, तेही झोपलेले. झुलेमा कुंपणाच्या कडेनं मागे गेली. संत्र्यांची झाडं कधीच तोडून टाकली होती. तिनं घराकडे पाहिलं. दार पश्चिमेला होतं, कडा बावीस मीटरवर. सगळं पुस्तकातल्यासारखं. पण मनात काहीच हललं नाही. जणू दुसऱ्याच्या घराचा नकाशा वाचत होती.

मग ती कड्याच्या वाटेला लागली.

वाट गवतात बुजली होती, तरी पाय कुठे अडखळला नाही. खाली ओल्या वाळूवर ती उभी राहिली. पाराना संथ, तपकिरी, रुंद. पलीकडचा काठ उन्हात विरघळलेला.

तिनं मागे वळून वर पाहिलं.

आणि तिला आठवलं.

कड्याच्या माथ्यावर दिसणारी छताची कड. तिच्यावर पत्र्याचा कोंबडा. खिडकीत एक मुलगा. झाडांमधून हलणारं पिवळं कापड. हे कोणी तिला सांगितलेलं नव्हतं. हे तिचं होतं. असंख्य दुपारी तिनं इथूनच पाहिलेलं.

आठवणीत ती आणखी मागे गेली. कोंबडा नसलेलं छत आठवलं. छत नसलेल्या भिंती. विटा रचणारी माणसं.

मग त्याच्याही आधीचा नुसता कडा.

बराच वेळ ती तिथे उभी होती. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, पण वाटली ती जुनीच ओढ, उपाशी मुलाला दुसऱ्याच्या ताटाची वाटते तशी. आणि त्यामागोमाग लाज. तिनं पर्समधून फोन काढला.

एवारिस्तोनं पहिल्याच घंटेला उचलला. "कुठे आहेस?"

"प्रस्तावना लिहिते मी," ती म्हणाली. "सातवं प्रकरण राहू दे. शब्द बदलू नकोस."

त्यानं मोठा श्वास सोडला. "खरंच?"

"एकच गोष्ट तू अजूनही गाळली आहेस, एवा. वाटेवरून तुझ्या बहिणीनं तुला हाक मारली होती."

 पलीकडून त्याचा आवाज आला, अकरा वर्षांच्या मुलासारखा बारीक.

"दोनदा."

"तीनदा," ती म्हणाली. "तिसऱ्या हाकेला तू खिडकी लावून घेतलीस."