दोन मिनिटं वाहू द्या

नळाच्या तोंडावरून ज्योत फिरवून झाली, तिनं बाटलीचं झाकण काढायला घेतलं... आणि पाणीच गेलं.

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतली. रोज सकाळी खांद्याला थंड पेटी अडकवून गल्लोगल्लीच्या नळांचे नमुने गोळा करायची. तिनं मान वर केली. गल्लीच्या टोकाला एक जण छातीएवढी लोखंडी चावी जमिनीतल्या खड्ड्यात घालून निवांत फिरवत होता.

"अहो चावीवाले! पाणी का तोडलंत?"

"साडेनऊ वाजले." त्यानं मनगट पुढे केलं. "वेळ संपली."

"मला फक्त एक बाटली हवीय."

"एका बाटलीसाठी तीनशे घरांचं पाणी सोडू?"

"हो."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "चहा टाकायचाय का?"

"जंतू मोजायचेत."

"मग सोडायलाच हवं बाई. जंतूंची गैरसोय व्हायला नको."

चावी उलटी फिरली. नळ खाकरला, फुरफुरला, वाहू लागला. ती मात्र बाटली हातात धरून नुसतीच उभी.

"आता काय? भरा की."

"दोन मिनिटं वाहू द्यायचं. आधी नळात अडकलेलं शिळं पाणी येतं. ते गेलं की पाइपातलं खरं येतं."

"आणि तोवर?"

"तोवर गप्प राहायचं. नियम आहे."

तो आज्ञाधारकपणे गप्प राहिला. एकशे वीस सेकंद. बघत मात्र होता... पाण्याकडे नव्हे.

असा कुठलाही नियम नव्हता. तिनं तो तिथल्या तिथे केला होता, कारण त्याच्या प्रत्येक बोलण्यावर तिला हसू येत होतं आणि हात हलला तर नमुना वाया जातो.

त्या दिवसापासून ती त्याची 'बाटलीबाई' झाली आणि तो तिचा 'चावी'. पाण्याची वेळ साडेनऊची, पण ती यायची त्या वारी साडेनऊ कधी पावणेदहाला वाजू लागले, तर कधी दहाला. अहोजाहोचं अरेतुरे कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा त्यानं विचारलंच, "गप्प राहायचा तो नियम खरा आहे का गं?"

"का?"

"दोन मिनिटांत एक गोष्ट सांगता आली असती."

"मग सांग की."

"नको... नियम मोडेल." आणि कानाच्या पाळ्या लाल करून तो चावी खांद्यावर टाकून चालता झाला.

गोष्ट न सांगताच कळली होती. मग रीतसर दोन्ही घरांनी भेटायचं ठरलं. तिच्या घरी ती आणि बाबा. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्याच्या घरी आई, ताई आणि ताईचं सात महिन्यांचं बाळ.

चहा आला. त्याच्या आईनं कप हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे बातम्या कुठल्या बघतात?"

पगार नाही, स्वभाव नाही, घर किती खोल्यांचं तेही नाही!

"पिवळ्या पट्टीचं चॅनेल," बाबा ताठ बसून म्हणाले. "सकाळी सहापासून."

कप टेबलावर गेला. "आम्ही जांभळ्या पट्टीचं. मग तुम्हाला देशात काय चाललंय ते माहीतच नसणार."

"तुम्हाला जे माहीत आहे, बाई, ते माहीत नसलेलंच बरं."

पुढचा अर्धा तास दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत. पिवळी पट्टी जांभळ्या पट्टीशी बोलत होती, तेच शब्द, तेच हातवारे, तोच घसा. आयुष्यभर रांगेतल्या प्रत्येकाचं हसून ऐकून घेणारे बाबा समोरच्या बाईला "तुम्ही लोक" म्हणाले. तिला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चावीकडे पाहिलं. तो बाळाच्या टोपीची गाठ सोडत होता, बांधत होता, पुन्हा सोडत होता.

"एक शब्द बोलला नाहीस," नंतर ती म्हणाली.

"घरात तो विषय काढत नाही मी. शांतता राहते."

तिला ते तेव्हाच खटकलं होतं. पण प्रेमात माणूस खटकलेलं बाजूला ठेवतो.

पुढच्याच आठवड्यात चाळीस नमुन्यांपैकी तीन नमुन्यांत मैल्याचे जंतू निघाले. तिन्ही एकाच गल्लीतले. चावीचं घर होतं त्याच गल्लीतले.

तिनं अहवाल लिहिला. पान पहिलं: तीन नमुने दूषित, या गल्लीचं पाणी तातडीनं थांबवावं, तोवर उकळूनच प्यावं. पान दुसरं: उरलेले सदतीस नमुने चांगले, शहराच्या मुख्य वाहिनीत दोष नाही. दोन्ही पानांवर सही केली. साहेबांकडे द्यायच्या आधी आकडे पुन्हा ताडून बघावेत म्हणून एक प्रत घरी आणली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेली.

तेवढ्यात बाबांनी पहिल्या पानाचा फोटो काढला. फक्त पहिल्या. आणि आपल्या पिवळ्या पट्टीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या पट्टीवर अक्षरं नाचत होती: शहराच्या पाण्यात विष! कोणाचा हात? दुपारी जांभळ्या पट्टीनं तोच कागद दाखवला. तिच्या सहीभोवती लाल वर्तुळ. बनावट कागद! कोण आहे ही बाई?

"बाबा, दुसरं पान कुठंय?"

"त्यात काय होतं विशेष? सगळं चांगलंच होतं."

"तीच तर बातमी होती, बाबा! आणि ही एक गल्ली, तीही बातमी होती. तुम्ही माझा कागद फाडलात."

"मी फाडला? फोटो काढला नुसता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांसमोर उभी राहिली तेव्हाही ती विझली नव्हती. साहेब म्हणाले, "दोन दिवस थांबू. आत्ता पाणी तोडलं तर पिवळ्यावाल्यांना आयतंच मिळेल."

"साहेब, त्या गल्लीत तान्ही मुलं आहेत."

"मी कुठे नाही म्हणतोय? वातावरण निवळू दे."

तिनं चावीला फोन लावला. "आईंना सांगितलंस? पाणी उकळून घ्या म्हणून?"

"सांगतो... आत्ता ती जांभळं बघतेय. तुझी सहीच दाखवतायत. आत्ता काही बोललो तर—"

"बाळाचं दूध कुठल्या पाण्यात कालवतात?"

पलीकडे टीव्हीचा आवाज दूर गेला.

"ताई उकळून घेते... बहुधा."

"बहुधा? सात महिन्यांच्या जिवासाठी बहुधा?"

"सांगतो गं. आज सांगतो."

तिसऱ्या दिवशी बाळ दवाखान्यात होतं. जुलाब थांबेनात, डोळे खोल गेलेले, इवल्या हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत, निभावेल. ती धावतच वॉर्डात शिरली. भिंतीवरच्या टीव्हीत दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि खाली पट्टी धावत होती: पाणी पूर्णपणे शुद्ध.

त्याची आई खुर्चीतून उठली. "हीच ती. सहीवाली. आमच्या चांगल्या पाण्यावर खोटं लिहिलं हिनं! आता आली नाटक करायला."

ती फक्त चावीकडे बघत राहिली. या वेळी त्याच्या हातात टोपी नव्हती, गाठ नव्हती.

"आई," तो म्हणाला. "खोटं काहीच नव्हतं त्यात. हिनं मला गुरुवारीच फोन करून सांगितलं होतं."

"काय?"

"मला माहीत होतं. गुरुवारपासून. आणि मी बोललो नाही... तुझ्या चॅनेलशी भांडण नको म्हणून. ताई, तुझ्या बाळाला हे मी केलंय."

ताईनं तोंडावर हात ठेवला. आई पुन्हा खुर्चीत बसली.

"एवढंच?" बाटलीबाई हळूच म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, लालभडक होते. "इथे सांगून उपयोग नाही. गल्लीत अजून तीनशे घरं आहेत. ती आत्ता काय पितायत?"

तो वळला आणि चालू लागला.

साहेबांचा हुकूम नव्हता. त्यानं तरीही गल्लीच्या टोकाचा खड्डा उघडला आणि चावी फिरवली. भर दुपारी दारोदार जाऊन सांगितलं, साठवलेलं फेका, प्यायचं उकळा, माझ्या भाच्याला झालंय. कुणी विचारलं, तू पिवळ्याचा की जांभळ्याचा? तो म्हणाला, मी पाणीखात्याचा. एकानं दार तोंडावर आपटलं. संध्याकाळी साहेबांचा खरमरीत फोन आला, पण तीनशे घरांना पाणी नाही म्हटल्यावर खोदणारी माणसंही आली. मैलावाहिनीला लागूनच पाण्याच्या पाइपाचा एक सांधा निखळला होता. वीतभर भोक. ना कुणाचा कट, ना कुणाचं विष.

बाळ घरी आलं. बाबांना तिनं समोर बसवलं आणि दुसरं पान ग्रुपवर टाकायला लावलं, "पहिलं अर्धंच होतं, चूक माझी" असं स्वतःच्या हातानं लिहून. पहिल्या पानाला बाबांना सत्तर अंगठे मिळाले होते. दुसऱ्याला एकही नाही. दोघं तर ग्रुप सोडून गेले. बाबांनी फोन उलटा ठेवला. मग म्हणाले, "अजब आहेत लेकाचे." ती म्हणाली, "बाबा, तुम्हीही गेल्या आठवड्यापर्यंत त्यांच्यातच होतात."

चावीशी मात्र ती बोलली नव्हती. एकदाही नाही.

दुरुस्तीनंतरचा नमुना घ्यायला तिलाच जावं लागलं. त्याच्याच अंगणातला नळ. तिनं ज्योत फिरवली, नळ सोडला, घड्याळ लावलं. तो चावी टेकवून दूर उभा, चोरासारखा.

"सांध्यावर नवा पट्टा बसवलाय," तो पुटपुटला. मग जीभ चावली. "चुकलो... नियम आहे ना, गप्प राहायचा."

"नाही," ती म्हणाली. "तो नियम मी घातला होता. आजपासून काढला. गप्प माणूस मला नकोय."

पाणी वाहत होतं. तो जवळ आला.

"मग ऐक. घाबरट आहे मी. पण यापुढे घरात, दारात, साहेबांसमोर, तुझ्या बाबांसमोर... खरं असेल ते बोलेन. आणि पहिलं खरं हे, की पहिल्या दिवशीच मला तू... म्हणजे तू यायचीस त्या वारी मुद्दाम घड्याळ मागे करायचो मी."

"ते माहीत होतं मला." तिचा ओठ थरथरला. हसू होतं की रडू, तिलाच ठाऊक नव्हतं. "मी अजून चिडलेली आहे."

"राहा. मी इथेच आहे."

दार करकरलं. त्याची आई उंबऱ्यात उभी होती. मागे टीव्ही चालूच होता, कुणीतरी कुणावर ओरडतच होतं. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग वाहत्या नळाकडे.

"इतकं पाणी का सोडून दिलंय?"

"शिळं जाऊ द्यावं लागतं, आई. मग खरं येतं," चावी म्हणाला.

आई आत गेली. टीव्हीचा आवाज बंद झाला. मग ती पुन्हा बाहेर आली, पदर सावरत त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"त्या कागदाची दोन्ही पानं आणून दे मला," ती नळाकडे बघतच म्हणाली. "माझी मी वाचीन."

बाटलीबाईनं होकारार्थी मान हलवली. दोन मिनिटं झाली होती. तिनं बाटली नळाखाली धरली. चावीनं तिचं मनगट खालून अलगद धरलं.

"नमुना वाया जाईल," ती म्हणाली.

"मग पुन्हा दोन मिनिटं उभे राहू," तो म्हणाला.