समोरचे दिवे का विझले?

ओरिन वसाहतीची गाडी समोरून आली की तिचे पुढचे दिवे विझत आणि सप्तकुंडची गाडी ओलांडून गेली की पुन्हा लागत. असं का होतं, हे कोडं केतकीला चंद्रावरच्या सप्तकुंड वसाहतीत, मोठ्या खिडकीशी बसल्या बसल्या पडलं. खिडकीबाहेर एक खोल विवर होतं आणि दोन्ही वसाहतींच्या गाड्या त्यातूनच ये-जा करत. त्याच्या तळाशी सूर्याचा किरण कधीच पोहोचत नाही, म्हणून तिथं युगानुयुगं गोठलेला बर्फ टिकून आहे. तो वितळवून शेजारची ओरिन वसाहत सप्तकुंडला पाणी देई आणि सप्तकुंड ओरिनला वीज देई.

केतकीनं त्या दिव्यांचा व्हिडिओ काढला आणि ‘कट्ट्या’वर टाकला. कट्टा म्हणजे चंद्रावरचं समाजमाध्यम (कुणीही काहीही लिहावं, दाखवावं आणि सगळ्यांनी ते पाहावं अशी जागा). खाली तिनं गमतीनं लिहिलं, ‘आम्ही दिसलो की ओरिनवाले डोळे मिटतात!’

गंमत झपाट्यानं पसरली आणि पसरता पसरता तिचा राग झाला. सप्तकुंडचे अध्यक्ष सरपोतदार यांनी कट्ट्यावर लिहिलं, की ज्यांना आमचे दिवे बघवत नाहीत त्यांना आमची वीज तरी कशाला हवी? ओरिनच्या प्रमुख बाईंनी लगेच उत्तर दिलं, की मग पाणी स्वतःच शोधा. दोन्हीकडचे लोक टाळ्या पिटू लागले. ठरलेली बोलणी रद्द झाली आणि दोन वसाहतींमधला रस्ता बंद झाला.

केतकीचं हसू तिथंच मावळलं. तिची आई डॉक्टर होती आणि ओरिनच्या दवाखान्यात कामासाठी गेली होती. आता तिला परत यायला वाटच उरली नव्हती.

केतकी भाऊआजोबांकडे गेली. आईचे हे वडील बर्फाचे शास्त्रज्ञ होते. पहिला पाणीकरार त्यांनीच केला होता, म्हणून बरीच वर्षं ते सप्तकुंडचे राजदूतही (आपल्या लोकांच्या वतीनं दुसऱ्यांशी बोलणारा माणूस) होते. ते मोड आलेली मटकी निवडत बसले होते. केतकीनं रडत रडत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी तिच्यापुढे थोडी मटकी सरकवली आणि निवडायला सांगितलं.

“आम्ही करार करायचो तो बंद खोलीत,” ते म्हणाले. “आधी दोघंही अवाच्या सवा मागायचो. मग हळूहळू खाली यायचो. खाली येताना बघायला कुणी नसायचं, म्हणून येता यायचं.”

“आणि आता?”

“आता सरपोतदार बोलतात ओरिनशी, पण त्यांचं लक्ष असतं आपल्या लोकांकडे. त्या बाईंचंही तसंच.”

केतकीला वर्गातलं भांडण आठवलं. सगळ्या मुलांसमोर ती आणि मधुरा हट्टाला पेटल्या होत्या. जिन्यात दोघीच असत्या, तर केव्हाच हसल्या असत्या. तिनं तसं सांगितल्यावर आजोबा म्हणाले, की तुला अर्धं समजलं. उरलेलं अर्धं वेगाचं. पूर्वी निरोप पोहोचेपर्यंत राग निवायचा, चौकशी करता यायची. आता चौकशीच्या आधी उत्तर जातं.

“मग कट्टा बंदच करून टाका ना.”

आजोबांनी मान हलवली. पूर्वी ओरिनच्या लोकांच्या मनात काय आहे, हे राजदूत सांगेल तेवढंच कळायचं, आणि राजदूत चुकला की सारी वसाहत चुकायची. आता कुणीही कुणालाही थेट विचारू शकतं.

“तू विचारलंस का त्यांना, दिवे का विझवता ते?”

केतकीनं विचारलंच नव्हतं. तिनं नुसतं ठरवून टाकलं होतं.

दोघांनी तिच्या व्हिडिओखालचा मजकूर उघडला. वर सगळी भांडणंच होती. आजोबांनी समजावलं, की काय आधी दाखवायचं हे क्रमनियम (संगणकाला घालून दिलेली रीत) ठरवतो. ज्यावर लोक जास्त तुटून पडतात ते तो वर आणतो, आणि रागावर लोक सर्वांत लवकर तुटून पडतात. शांत उत्तर तळाला जातं. म्हणून ते थेट तळाशी गेले. तिथं ओरिनच्या इल्के नावाच्या गाडीचालक बाईनं लिहिलं होतं:

‘विवरात डोळे अंधाराला सरावलेले असतात. समोरून प्रखर दिवे आले की डोळे दिपतात आणि खड्डा दिसत नाही. म्हणून आम्ही दिवे विझवतो. हा आमचा नमस्कार आहे. तुम्ही मात्र कधीच विझवत नाही, त्याचं वाईट वाटतं.’

केतकी चकित झाली. सप्तकुंडचा नियम होता, की समोरच्याला आपण नीट दिसावं म्हणून दिवे पूर्ण ठेवायचे. म्हणजे दोघंही सौजन्यानं वागत होते आणि दोघंही दुखावले जात होते!

अध्यक्ष कसे चुकले, हे तिला ताबडतोब कट्ट्यावर लिहायचं होतं. आजोबांनी तिला विचारलं, तसं केलं तर सरपोतदार काय करतील? केतकीनं मधुराच्या जागी त्यांना उभं करून पाहिलं.

“आणखी हट्टाला पेटतील,” ती म्हणाली.

“म्हणून आधी बंद खोली. कट्टा मग.”

आजोबांनी ओरिनमधल्या आपल्या जुन्या जोडीदाराला राजदूतांच्या खाजगी वाहिनीवरून इल्केचं उत्तर दाखवलं. दोघा जुन्या राजदूतांनी ते आपापल्या प्रमुखांच्या कानावर घातलं आणि ते दोन्ही प्रमुख कुणालाही न कळवता एकमेकांशी बोलले. मग दोघांनी एकाच वेळी जाहीर केलं, की विवरातल्या गाड्यांसाठी दोन्ही वसाहती मिळून नवे नियम करणार आहेत आणि रस्ता खुला होत आहे. कुणी हरलं नाही, त्यामुळे कुणाला चिडायला जागा राहिली नाही.

केतकीनं आपली चूक कट्ट्यावर लिहिली. पहिल्यांदा लिहिताना तिनं निम्मा दोष दुसऱ्यांना दिला होता, तो खोडून पुन्हा लिहिलं. खाली इल्केनं विवराचा अंधार कसा असतो, ते दाखवलं. हे काही पहिल्या व्हिडिओसारखं पसरलं नाही. पण ओरिनच्या मुलांचे प्रश्न यायला लागले. एकानं विचारलं, तुम्ही हातानं का जेवता, चमचे कमी आहेत का?

आई परत आली तेव्हा केतकी तिला इतकी घट्ट बिलगली, की आईला अंगातला अंतराळपोशाखही काढता येईना.

जेवताना आजोबांनी मंगळावरच्या नव्या वसाहतीचा विषय काढला. तिथं प्रकाशाच्या वेगानं पाठवलेला निरोप पोहोचायलाही कित्येक मिनिटं लागतात, आणि उत्तराला पुन्हा तितकीच. आई म्हणाली, बरं आहे, भांडायचा कंटाळाच येईल. केतकीला मात्र वाटलं, की तेवढ्या वेळात किती तरी विचारून घेता येईल.

जेवण झाल्यावर तिनं मंगळाला एक ओळ पाठवली: ‘तुमच्याकडे दोन माणसं भेटली की काय करतात?’

उत्तर यायला वेळ होता. ती हनुवटी तळहातावर टेकवून वाट पाहत बसली.