पलीकडचं अर्धं मैदान

बायको मिराबाई गेल्याचं कळलं, तेव्हा बाबूसिंग घोडी बदलत होता. माघातली दुपार होती. हिंगोलीच्या चौगान क्लबाचा वर्षाचा मोठा सामना, तांडा विरुद्ध गाव, चालू होता. दोन चकरा, म्हणजे दोन डाव, खेळून झाल्या होत्या, मधली सुट्टी लागली होती आणि बायका मैदानात उतरल्या होत्या.

चौगान म्हणजे पोलो; त्यात घोडा जोरात वळला की खुराखालची गवताची ढपली उखडते. ती पायानं दाबून पुन्हा जागेवर बसवावी लागते, नाही तर पुढच्या चकरीत एखाद्या घोड्याचा पाय खड्ड्यात जातो. हे काम इथं बायकांचं, आणि बायकांच्या पुढं कायम मिराबाई. चपला कडेला काढायच्या, पदर खोचायचा, टाच, मग चवडा, मग जागच्या जागी अर्धी गिरकी. तांड्यावर होळीला नाचतात तसं. तोंडानं गाणं चालूच.

त्या दिवशी ती नव्हती. दोन दिवसांपासून नांदेडला दवाखान्यात होती, पोरगा संतोष जवळ होता. बाबूसिंगही तिथंच बसून होता, पण तिनंच त्याला हाकललं होतं. "माझ्यापाशी बसून काय करून राहिले? तुमच्याबिगर तिघांचा खेळ व्हतो व्हय? जा, अन् जिंकून या."

बायका मैदानाच्या मधल्या चुन्याच्या रेघेवर आल्या, तेव्हा द्वारकाबाईचा फोन वाजला. द्वारकाबाई म्हणजे मिराबाईची गावातली मैत्रीण. फोन कानाला लावला आणि ती तिथंच उभी राहिली. मागं गाणं थांबलं. अलीकडचं अर्धं मैदान दाबून झालं होतं, पलीकडचं तसंच उघडं राहिलं. पागेच्या दारातून बाबूसिंगनं ते पाहिलं आणि कुणी सांगण्याआधीच लगाम सोडला.

सामना तिथंच थांबला.

हा क्लब जुना आहे. निजामाच्या वेळी इथं घोडदळाची छावणी होती. साहेब लोक खेळायचे, आणि तांड्यावरचे लोक घोड्यांना गवत, चंदी पुरवायचे. छावणी उठली, साहेब गेले, पण चंदीवाल्यांना खेळाची चटक लागली होती. त्यांनी ओझ्याची तट्टं आणली, बांबूच्या काठ्या केल्या आणि खेळ चालू ठेवला. आजही तांड्याचे चार आणि गावाचे चार खेळतात. गावाकडून एक मास्तर, एक जनावरांचा डॉक्टर, वारंगा फाट्यावर टायरचं दुकान असलेला वैजनाथ आणि त्याची पोरगी सृष्टी. सामन्याला हलगी असते, मिरचीची भजी असतात आणि हरलेल्यांच्या नावानं वर्षभर चेष्टा असते.

त्या वर्षी चेष्टा झाली नाही. पाऊस पडला, खड्डे बुजले, गवत आलं. बाबूसिंग रोज पागेत येऊन घोड्यांना खरारा करायचा, पण घोड्यावर बसला नाही. चुन्याची रेघही ओलांडली नाही. पलीकडच्या रस्त्याला जायचं असलं तर कुंपणाच्या कडेनं वळसा घालून जायचा.

दिवाळीनंतर सराव सुरू झाला, तसा वैजनाथ पागेत आला.

"काका, सामना कसा करायचा? तांड्याकडं तिघंच हायेत."

"आमच्याकडं चौथा न्हाई. रद्द कर."

"रद्द? दुष्काळात बी रद्द झाला न्हाई ह्यो."

"मंग तिघांसंगं खेळा."

"तिघांना हरवून मिशीला पीळ देऊ का मी? गाव हसंल."

बाबूसिंग खरारा करत राहिला. वैजनाथ थोडा वेळ थांबला आणि गेला.

सरावाच्या पहिल्या रविवारी बायका अलीकडचं अर्धं दाबून रेघेवर आल्या आणि तिथंच घुटमळल्या. पुढं पाय टाकायला कुणी धजेना. द्वारकाबाई मागं फिरली, तशा सगळ्या फिरल्या. पण पुढच्या चकरीत पलीकडं एकही खड्डा दिसला नाही. "तिकडं खेळच कमी झाला आसंल," वैजनाथ म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी मुद्दाम सगळा खेळ पलीकडं झाला. भाकरीएवढ्या ढपल्या उडाल्या. सुट्टी संपली तेव्हा त्या सगळ्या जागेवर बसलेल्या होत्या. आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं, माती ओली होती. द्वारकाबाई रेघेवर उकिडवी बसली आणि पलीकडं वाकून बघत राहिली. अनवाणी पायांचे ठसे होते. लहान, रुंद चवड्याचे. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

तिनं तोंडाला पदर लावला. बायकांना वाटलं रडायली. ती हसत होती.

"आगं बया! मेल्यावर बी हिचा आपल्यावर भरवसा न्हाई!"

मग सगळ्याच हसल्या. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. माहेरी गेलेली बाई परत दारात दिसावी, तसं झालं. एकीनं गाणं धरलं, आणि बायका आपल्या अर्ध्यात अशा नाचल्या की पागेतली घोडी कान टवकारून बघू लागली.

द्वारकाबाईनं बाबूसिंगला हात धरून रेघेपर्यंत आणलं.

"दाजी, बघा तरी."

"काय बघू?"

"गाणं थांबवू नका गं!" ती मागं ओरडली.

ऊन स्वच्छ होतं. वारा नव्हता.

रेघेपासून चार हातांवर एक ढपली उलटी पडली होती. ती हलली.

सरकत सरकत खड्ड्यापाशी आली, सुलटी झाली आणि खड्ड्यात बसली.

मागची कड आधी दबली. मग पुढची.

मग सगळी ढपली अर्धी गिरकी फिरली.

बाबूसिंगला हसू फुटलं. किती महिन्यांनी तो हसत होता, त्याचं त्यालाच कळलं नाही. तो वळला आणि पागेकडे बघून ओरडला, "वैजनाथ! माझी लाखी घोडी काढ! अन् मिशीला तेल लावून ठेव, ती उतरवायची हाय!"

सामना माघात झाला. औंढ्याकडून, शिरड शहापुराकडून माणसं आली. भजी कमी पडली. लाखी घोडी रेघ ओलांडताना थबकली नाही. उलट मान वाकवून, गूळ घ्यायला जावी तशी गेली. शेवटच्या चकरीत बाबूसिंगनं पलीकडच्या खांबांमधून चेंडू मारला आणि तांडा जिंकला. हलगीवाल्यांनी त्याला रिकिबीतून पाय काढू दिला नाही, घोडीसकट मिरवत पागेपर्यंत आणला. वैजनाथनं सगळ्यांसमोर मिशीवर उलटा हात फिरवला. सृष्टी बापाला हसून हसून खाली बसली.

माणसं जेवायला बसली, तेव्हा द्वारकाबाई बाबूसिंगला शोधत आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण तिनं आवाज खाली केला.

"दाजी, तुमी तिकडं कवा गेलते?"

"कुठं?"

ती मैदानाकडं चालू लागली. दोघं रेघेवर आले. उतरतं ऊन पलीकडच्या गवतावर तिरपं पडलं होतं, त्यामुळं प्रत्येक ठसा स्पष्ट दिसत होता. मिराबाईचे लहान पाय एका ढपलीवरून दुसऱ्या ढपलीवर गेले होते. त्यांच्या बाजूला, पावलाला पाऊल लावून, बुटांचे ठसे होते. मोठे. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली.

बाबूसिंगनं आपला डावा पाय उचलून टाच पाहिली.

दोन्ही ठसे शेजारी शेजारी पलीकडच्या खांबांपर्यंत गेले होते. परत आलेले दिसत नव्हते.

"बराबर तुमचेच हायेत," द्वारकाबाई म्हणाली.

मागं पंगतीत कुणीतरी त्याच्या नावानं ओरडलं आणि पुन्हा हलगी सुरू झाली.

घोड्यावर बसून तो आता दर रविवारी तिकडं खेळतो. पण त्या अर्ध्या मैदानात बाबूसिंगनं अजून पाय ठेवलेला नाही.