नऊ तास जायला, साडेदहा यायला

आमची ओळख झाली ती एका उशिरा सुटलेल्या विमानामुळे. विमान सुटलं की पुढच्या विमानतळाला फोन करून ते कधी पोहोचेल हे कळवायचं, हे माझं काम. त्या दिवशी पलीकडून नेहमीच्या बाईंऐवजी त्याचा आवाज आला... आणि मी चक्क वेळ चुकीची सांगितली.

"साडेदहा तास इकडून तिकडे लागतात, बाईसाहेब. तुमच्याकडून नऊच," तो म्हणाला. "अंतर तेवढंच आहे. वाराच तुम्हाला इकडे ढकलतोय, त्याला मी काय करू?"

आगाऊ कुठला. पण पुढे तो आगाऊपणाच रोज हवासा वाटू लागला. वर्षभर बोललो, भेट झाली नाही आणि फोटो मागायचे नाहीत असं ठरलं होतं. आवाजाशी कुणी संसार करतं का, असं मावशी टोचायची. मलाही तीच धास्ती होती – समोर आल्यावर सगळं विरून गेलं तर?

शेवटी त्याला न सांगता मी तिकीट काढलं. माझा पत्ता लागू नये म्हणून त्या दिवशीचा फोन ऑफिसातल्या मैत्रिणीला करायला लावला.

बाहेर लख्ख ऊन होतं. निम्म्याहून थोडी जास्त वाट सरली असेल, तोच समोरून येणारं एक विमान दूरवरून सरकन गेलं, आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी येऊन बसलं.

"घाबरलीस?" तोच आवाज. काळजाचा ठोका चुकला. चेहरा कधी पाहिला नव्हता, तरी ओळखीचा वाटला.

त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा हात फ्रिजमधून काढल्यासारखा गार होता. माझ्याशी लग्न करशील, असं त्याने विचारलं आणि मी हो म्हणून गेले. मग लाजून क्षणभर खिडकीकडे वळले, तर पुन्हा पाहीपर्यंत सीट रिकामी. पट्टाही बांधलेलाच. हवाईसुंदरी म्हणाली, इथे सुरुवातीपासून कुणीच नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

उतरल्यावर धावतच त्याचं ऑफिस गाठलं. त्याच्या साहेबांनी कपाळावर हात मारला. तो सकाळीच, मला न सांगता, माझ्या शहराकडे निघाला होता आणि अजून दीड तास हवेतच असणार होता. तेवढा वेळ मी त्याच्या खुर्चीत बसून काढला. मग मी हो म्हटलं ते कुणाला? माझ्याच मनाचे खेळ असतील, तर ते मला मुळीच नको होते.

फोन वाजला. तो माझ्या शहरात उतरला तेव्हा मैत्रिणीने त्याला मी इकडे आल्याचं सांगितलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तोच दबक्या आवाजात बोलला.

"तू माझ्या शेजारी येऊन बसली होतीस... वाटेत."

"मी?"

"हात किती गार होता तुझा. मी एक विचारलं, तू उत्तर दिलंस, आणि वळून बघतो तर नाहीस." त्याने आवाज आणखी खाली आणला. "हो म्हणालीस ना? खरंच?"

भीती वाटत होती आणि आनंद पोटात मावत नव्हता.

"हो," मी म्हटलं, या वेळी मोठ्याने, त्याच्या साहेबांच्या देखत.