ओढा ओसरला तेव्हा

रहिमतपूरच्या तीन मैत्रिणींनी कोयनेकडचा धबधबा बघायचं ठरवलं, आणि या मोहिमेतली पहिली अवघड चढण लागली ती बनूबाईच्या उंबऱ्यातच.

बनूबाईचे मालक लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. निवृत्तीला जमाना झाला, तरी घरात अजून परवानगीशिवाय पान हलत नसे. "हिला गुडघ्यानं जिना चढवंना, आन् जंगलात काय करनार?" त्यांनी विचारलं.

उत्तर दिलं मदिनाबीनं. मदिनाबी मणेरीण. गावातल्या लेकीसुनांना बांगड्या भरण्यात तिची हयात गेलेली. बोलण्यात गुंतवून कसलाही ताठ हात सैल करणारी बाई ती!

"भावजी, जशी न्हेते तशी आनून देते. माझ्या जबाबदारीवर."

सुभेदार नुसतं "बघू" म्हणाले. त्या घरात "बघू" म्हणजे होकारच. पण आता शब्द मदिनाबीचा होता. काही बिघडलं तर बनूबाईचं पाऊल पुन्हा घराबाहेर पडणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसरी साळूबाई. तिचं सगळं लक्ष भाकऱ्या आणि खर्ड्यावर.

एसटीनं बायकांचं तिकीट अर्धं केल्यापासून तिघींची ही पहिलीच चैन. पाटणची वाट त्यांना नवी नव्हती, पण आजवर कुणाचं लग्न नाहीतर कुणाचं मयत, त्याशिवाय इकडं येणं झालं नव्हतं. मदिनाबीनं बांगड्यांचं गाठोडं दुकानात नवऱ्याजवळ, रसूलजवळ ठेवलेलं. मोकळा खांदा तिला सारखा चाचपावासा वाटत होता.

कोयनानगरच्या पुढं निसर्ग उद्यानाच्या फाटकापाशी त्या उतरल्या तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. "धबधबा वड्याच्या पल्याड हाय," फाटकावरच्या रखवालदारानं बजावलं. "वडा चढला आसंल तर हट्ट करू नका."

मग सुरू झाली चढण. दोन्ही बाजूंनी कारवीचं रान अंगावर आलेलं, पायाखाली शेवाळ, आणि धुकं असं की पुढच्या बाईची फक्त छत्री दिसावी. साळूबाईच्या पोटरीला जळू चिकटली, तेव्हा तिनं जेवणातली मिठाची पुडी तिच्यावर रिकामी केली आणि जळू पडल्यावर मीठ वाया गेलं म्हणून हळहळली. बनूबाई दर वळणावर गुडघे धरून उभी राही, पण "परत फिरू" हा शब्द तिच्या तोंडातून निघाला नाही.

ओढा आला. तांबडं पाणी फेसाळत निघालेलं, पायवाटेचे दगड केव्हाच बुडालेले. आणि पलीकडं, धुक्याच्या आड, धबधब्याचा आवाज! ऐकू येतोय पण दिसत नाही, याचा मदिनाबीला फार राग आला. काय करणार? तिघी एका जांभळीखाली भाकरी सोडून बसल्या.

दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच ओढ्याचा आवाज पडला. बघता बघता पाणी ओसरलं. एकेक दगड वर आला.

"बघा, अल्लानं वाट दिली," म्हणत मदिनाबीनं साडी खोचली आणि ती पहिल्या दगडावर उतरलीसुद्धा.

बनूबाईचा घास हातातच राहिला होता. ती वर आभाळाकडं बघत होती. "मदिने, थांब. पाऊस हाय तसाच हाय. मग पानी गेलं कुठं?"

"पानी कुठं का जाईना, तू ये." मदिनाबी मधल्या दगडावर पोचली.

"माघारी फिर!"

इतक्या वर्षांच्या मैत्रीत बनूबाईचा असला आवाज मदिनाबीनं ऐकला नव्हता. तिला कळलं काहीच नाही, पण ती वळली. तेवढ्यात वर रानात काहीतरी कडाडलं.

ओढा आला! चिखल, दगड, मुळासकट झाडं! मदिनाबीनं एक दगड गाठला. दुसऱ्यावर पाय सटकला. कमरेपर्यंत पाणी! बनूबाई गुडघे विसरून पाण्यात उतरली होती. साळूबाईनं एका हातानं जांभळीचं मूळ आणि दुसऱ्यानं बनूबाईचा पदर कमरेशी घट्ट धरला होता. मदिनाबीनं हात फेकला. बनूबाईचं मनगट सापडलं. हिरव्या बांगड्यांची काच कडाकडा तुटली. बनूबाईनं असा हिसडा दिला, की दोघी काठावर एकमेकींच्या अंगावर पडल्या. मागं मधला दगड दिसेनासा झाला.

साळूबाईनं दोघींना ओढून जांभळीखाली आणलं. मग मदिनाबीची नजर बनूबाईच्या उजव्या हातावर गेली. मनगट खरचटलेलं आणि मोकळं. सवाष्णीचा हात! साळूबाई पुटपुटली, "वाढल्या, बांगड्या वाढल्या." फुटल्या म्हणायचं नसतं ना. जन्मभर बांगड्या भरणाऱ्या बाईनं आज आपल्याच मुठीनं मैत्रिणीचा हात रिकामा केला होता. मदिनाबी ढसाढसा रडली.

"धबधबा ऱ्हाऊ दे," बनूबाई म्हणाली. "आदी हातपाय धड घेऊन घरला जाऊ."

परतीच्या एसटीत मदिनाबीनं आपल्या उजव्या हातातल्या निळ्या बांगड्या उतरवल्या. तिचा हात लहान, बनूबाईचा खुरपं धरून रुंद झालेला, त्यात सुजलेला. मदिनाबीनं तो मांडीवर घेतला आणि खरचटलेलं सांभाळत हळूहळू दाबायला लागली.

"तुला कळलं कसं गं?"

"उसाला पानी पाजताना बघितलंय की," बनूबाई सांगू लागली. "मोटार चालू आन् पाटाचं पानी तुटलं, की समजायचं वर पाला आडकलाय. मागं तुंबत ऱ्हातंय, आन् फुटलं की बांध घेऊन जातंय. येकदा माझा सगळा वाफा..." वाफ्याची गोष्ट रंगली, हात सैल पडला, आणि बांगड्या एकेक करून आत गेल्या. बनूबाईला पत्ताही लागला नाही.

रहिमतपूरच्या स्टँडवर सुभेदार छत्री घेऊन उभे होते. फौजी नजर ती. "सकाळी दोनी हातांत हिरव्या हुत्या," ते म्हणाले. "ह्या निळ्या कुनाच्या?"

बनूबाई काही सांगायच्या आत मदिनाबी पुढं झाली. तिनं ओढ्याची सगळी हकीकत एका दमात सांगून टाकली. स्वतःची चूकही लपवली नाही.

"भावजी, माझा सबूद खोटा पडला. मी हिला आनली न्हाई. हिनं मला आनलीया."

सुभेदारांनी बायकोचा हात उचलून मनगट निरखलं, मग सावकाश खाली सोडला. छत्री थोडी सरकवून त्यांनी मदिनाबीलाही आत घेतलं.

"आन् धबधबा?"

"ऱ्हायला," बनूबाई म्हणाली.

"मग पुन्यांदा जावं लागंल की. पावसाळा सरल्यावर जावा."

"आवं, पावसाळा सरल्यावर काय बघायचं? दगडं?" बनूबाई म्हणाली, आणि गुडघे धरत सगळ्यांच्या पुढं चालू लागली.